ती शेपटी माझी नव्हे

मित्रांनो, मी एक जुनी गोम आहे. हिशेबाला चोख राहायचं तर अर्धी गोम आहे, आणि तीही मेलेली. बोटभर उंचीच्या काचेच्या बाटलीत, स्पिरिटात बुडवून मला ठेवलेलं आहे. कुणाला किळस आली असेल तर येऊ द्या, मी रागावत नाही. गोम म्हटलं की माणूस आधी चप्पल शोधतो आणि मग कानावर हात ठेवतो, हे मी आयुष्यभर बघत आले. आम्ही तुमच्या कानात शिरतो म्हणे! अहो, शिरून करायचं काय? तिथे ना ओली माती, ना खायला अळी. आणि आत जे काही साठवलेलं असतं ते ऐकलं, की कुणाही शहाण्या प्राण्याला तिथे बिऱ्हाड करावंसं वाटणार नाही.

'बघत आले' म्हटलं खरं, पण मला डोळे नाहीत. अपघाताने गेले नाहीत. आमच्या घराण्यात ते नसतातच. मातीच्या आत राहणाऱ्यांना त्यांचा उपयोग काय? आम्हाला थरथर कळते. कोण आलं, केवढं आलं, खायचं आहे की पळायचं आहे, हे सगळं आम्हाला पायांतून कळतं. ती सवय अजून सुटलेली नाही. कुणी बोललं की बाटलीतलं स्पिरिट हलतं आणि मला शब्द न् शब्द लागतो. माझा रंग पिवळसर आहे असं लोक म्हणतात. असेल.

माझा जन्म एका पंपघराच्या मागच्या उतारावर झाला. तिथे पाण्याचा एक जाड नळ भिंतीतून बाहेर येत असे आणि त्याच्या सांध्यातून पाणी झिरपत असे. तो सांधा दुरुस्त करायला हवा, असं प्रत्येक येणारा माणूस म्हणायचा. कुणीही केला नाही, आणि माणसांच्या त्या आळसावर आमची अख्खी वस्ती सुखाने जगत होती. पंपाची घरघर मातीतून सतत यायची. मला वाटायचं, जग असंच घरघरतं.

अंड्यातून निघाले तेव्हाच माझ्या पायांच्या सगळ्या जोड्या ठरून गेल्या होत्या: एकोणसत्तर. आमच्या काही लांबच्या नातेवाइकांना वयाबरोबर हप्त्याहप्त्याने पाय फुटतात. आमच्याकडे उधारी नाही. जन्मतः जेवढ्या जोड्या, तेवढ्याच मरेपर्यंत. आणखी एक घरचा नियम आहे, तो मात्र नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळं त्याच्यावर अडणार आहे. आमच्या जोड्यांचा आकडा नेहमी विषम असतो. कुणाच्या एकेचाळीस, कुणाच्या त्रेपन्न, कुणाच्या एकोणसत्तर. सम आकड्याची गोम आमच्यात निघत नाही. असं का, ते आम्हाला माहीत नाही, आणि माणसांनी त्यावर बरेच कागद काळे केले असले तरी त्यांनाही नक्की माहीत नाही.

माझं काम साधं होतं. मुळं कुरतडणाऱ्या अळ्या खायच्या, वाटा काढत माती मोकळी ठेवायची आणि कुणाच्या अध्यात-मध्यात पडायचं नाही. शेजारी दुसऱ्या एका घराण्याच्या गोमा राहत. त्या साध्या, सगळीकडे आढळणाऱ्या, पोटावर एकही छिद्र नसलेल्या. आमच्या पोटावर मात्र प्रत्येक कडीला, म्हणजे पायांच्या दर जोडीमागे, बारीक छिद्रांचा एक गोल पुंजका असतो, पिठाच्या चाळणीसारखा. त्यातून चिकट रस येतो. मुंग्या एकदा त्यात अडकल्या की पुन्हा वाटेला जात नाहीत.

मग मी अंडी घातली. आमच्यात आई अंड्यांभोवती अंगाचं वेटोळं करून पडून राहते. खात नाही, हलत नाही. अंड्यांवर बुरशी धरू नये म्हणून ती सतत चाटत राहते. मीही तशीच पडले होते. आणि वरून कुदळ आली.

मित्रांनो, तो माणूस वाईट नव्हता. तरुण होता, नवीनच नोकरीला लागला होता आणि प्राणिसंग्रहासाठी नमुने गोळा करायला आला होता. त्याच्या पहिल्याच घावाने शेजारच्या घरची एक गोम मधोमध कापली गेली. मग ढेकूळ फुटलं आणि त्याला मी सापडले. त्याने चिमट्याने मला पकडलं आणि ओढलं. मी अंड्यांना धरून राहिले. तो ओढत राहिला, मी धरत राहिले. दोघंही हट्टी. शेवटी माझंच अंग हरलं, आणि मधेच तटकन तुटलं.

माझा पुढचा भाग चिमट्यात गेला. मागचा भाग अंड्यांभोवती तसाच राहिला.

चिमटेवाल्याला एवढं कळलं की गोम तुटली, आणि त्याच्या तोंडून घाबरलेलं 'अरे!' निघालं. त्याने खाली चाचपलं. तिथे एक शेपटीकडचा तुकडा वळवळत होता. तो शेजारणीचा होता. जाडी साधारण माझ्याएवढीच. त्याने तो उचलला आणि माझ्याबरोबर बाटलीत टाकला. दोन तुकडे दिसले, त्याने बेरीज केली आणि बूच लावलं.

मी ओरडून सांगितलं असतं, की ती शेपटी माझी नव्हे. पण गोमेला आवाज नसतो, आणि असता तरी तो घाईत होता.

त्यानंतर माझं कपाटातलं आयुष्य सुरू झालं. बाटलीत एक चिठ्ठी होती: पंपघराची जागा, आणि पुढे 'गोम, अनिश्चित'. हा शब्द माझ्या नशिबी चिकटला तो चिकटलाच. लांब खोली, लाकडी कपाटं, दोन टेबलं, एक मोरी आणि एक खुर्ची जी बसलं की किर्र वाजायची. येणारा प्रत्येक नवा संशोधक माझी बाटली उचलायचा, हलवायचा आणि म्हणायचा, "हिच्याकडे एकदा नीट बघायला हवं." मग ती होती तिथे ठेवून चहाला जायचा. माणसाने 'बघायला हवं' म्हटलं की ते काम झालं असं त्याचं त्यालाच वाटतं. एकदा माझं स्पिरिट निम्म्यावर आलं होतं. ते भरलं कुणी, तर खोली झाडणाऱ्या मावशींनी सांगितल्यावर, अर्धा दिवस कुरकुर करून, चिमटेवाल्यानेच. तोवर तो त्या विभागाचा प्रमुख झाला होता आणि सगळे त्याला 'थोरले सर' म्हणू लागले होते. किर्र वाजणारी खुर्ची त्याचीच.

बाटलीत ती दुसरी शेपटीही होती. आम्ही एकमेकींना चिकटून वर्षं काढली. तिचीही काही चूक नव्हती. जशी ती माझ्या माथी मारली होती, तशी मीही तिच्या माथी मारलेली होते.

मग थोरल्या सरांच्या निवृत्तीचे दिवस आले. खोली बदलायची होती, नवी कपाटं लहान होती. सरांनी नियम काढला, की नाव नसलेली एकही बाटली नव्या कपाटात जाणार नाही. "नाव द्या, नाहीतर मोरीत ओता," ते म्हणाले. "माझ्यानंतर येणाऱ्याने माझी 'अनिश्चितं' निस्तरायला नकोत." म्हणणं वाईट नव्हतं. पण स्वच्छ कपाट ही माणसाची भारी चैन असते, आणि तिची किंमत बहुधा कपाटातल्यांना मोजावी लागते.

बाटल्यांची छाननी एका तरुण बाईंकडे आली. त्यांना सगळे 'मोजणीबाई' म्हणत. जिने चढताना त्या पायऱ्या मोजायच्या, डब्यातल्या पोळ्या मोजायच्या. एकदा म्हणे त्यांनी सरांच्या भाषणातली 'खरं म्हणजे' मोजली होती आणि आकडा सरांना सांगितलाही होता. सर दोन दिवस बोलले नव्हते.

मोजणीबाईंनी मला बशीत काढलं. माझ्या विषारी नख्या नीट दिसाव्यात म्हणून डोकं लवंगेच्या तेलात ठेवलं. त्याने आमचं अंग पारदर्शक होतं. खोलीत दाताच्या दवाखान्याचा वास सुटला म्हणून सगळे ओरडले. मी मात्र मनातून खूश होते. इतक्या वर्षांत कुणी मला पहिल्यांदाच नीट बघत होतं.

आणि त्यांनी बघितलं. प्रत्येक नखीच्या मुळाशी दोन खाचांचा एक दात होता, आणि तो ओळखीच्या कुठल्याच गोमेला नसतो. पोटावर छिद्रांची चाळण. मिश्यांच्या टोकाला आखूड केसांची रांग. मोजणीबाई सरांच्या टेबलाकडे जवळजवळ पळतच गेल्या.

"सर, ही वेगळी आहे. नुसती नवी जाती नव्हे, प्रजातीच नवी असणार."

हा फरक तुम्हाला सांगायला हवा. जाती म्हणजे आमचं स्वतःचं नाव आणि प्रजाती म्हणजे आमचं आडनाव, असं समजा. नवी जाती सापडली म्हणजे ओळखीच्या घरात एक अनोळखी मूल निघालं. नवी प्रजाती सापडली म्हणजे अख्खं घरच आजवर कुणाला ठाऊक नव्हतं.

सरांनी भिंग लावलं. खुर्ची किर्र वाजली. "आणि शेपटी?"

"शेपटी साधी आहे सर. छिद्रं नाहीत."

"मग झालं तर! पुढे छिद्रं असतात, मागे नसतात, अशा गोमा आहेत. ओळखीचीच आहे, जरा विकृत निघालीय. पाय मोज, नाव लिही आणि मोकळी हो."

पाय मोज म्हटल्यावर मोजणीबाई कशाला थांबतात! पुढच्या तुकड्यात एकेचाळीस जोड्या. मागच्यात पंचवीस. बेरीज सहासष्ट.

सम आकडा! त्यांनी पुन्हा मोजलं. सुईचं टोक प्रत्येक पायाला लावत, ओठ हलवत. पुन्हा सहासष्ट.

सर म्हणाले, "चुकलीस."

"तीनदा मोजलं सर."

"मग तुटताना एखादी कडी गळली असेल. सदुसष्ट लिही."

"पण गळलेली कडी मी बघितली नाही ना सर."

"मी माझा पणजोबाही बघितला नाही. होता ना?"

"होते सर. पण त्यांचे पाय किती होते, हे मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही."

कोपऱ्यातल्या टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. सर तापले. "हे बघ, सदुसष्ट लिहून नाव देणार असलीस तर ठीक. नसशील, तर शनिवारी ही बाटली मोरीत जाईल. तुटक्या गोमेवर नवी प्रजाती काढायला निघालीस तर लोक मला हसतील. तुला नाही, मला. विभाग माझा आहे."

मित्रांनो, त्या वेळी माझं काय होणार होतं ते लक्षात घ्या. खोटा आकडा लिहिला असता तर परक्या घराचं आडनाव लावून मी कपाटात सुखरूप राहिले असते, आणि माझं खरं घर कुणालाच कळलं नसतं. खरा आकडा लिहिला तर मोरी. मला विचारलं असतं तर मी काय निवडलं असतं? अंडी धरून तुटले ती मी. मोरी निवडली असती.

मोजणीबाईंनी आकडा लिहिला नाही. त्यांनी बशी पुन्हा भिंगाखाली घेतली. या वेळी पाय सोडले आणि आम्ही जिथे तुटलो होतो त्या कडा बघू लागल्या. माझी कड फाटकी होती, ताणून तुटलेल्या दोऱ्यासारखी, धागे लोंबत असलेली. शेपटीची कड सरळ होती, सुरीने काकडी कापावी तशी. सुईने त्यांनी दोन्ही कडा एकमेकींना लावून बघितल्या, त्या जुळल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना चहा आणून दिला. चहा आणणाऱ्या माणसावर ओरडणं जड जातं, हा हिशेब त्यांना पक्का माहीत होता.

"सर, ही तुम्हीच आणली होती ना? पंपघरामागून?"

"हो. माझा पहिला नमुना." आवाज जरा मऊ झाला.

"हिला ओढलं होतं, की कुदळीने कापलं होतं?"

"ओढलं होतं. चांगलं आठवतंय. सुटतच नव्हती. चिवट जात!"

"मग सर, ही शेपटी कापलेली का आहे?"

सर उठले. भिंगाशी वाकले. मी इतकी वर्षं या माणसाच्या आवाजाची थरथर ओळखते. पुढे जे बोलले तो आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता, मातीत, तो तरुण असताना.

"खाली अंडी होती," ते म्हणाले. "हिच्या वेटोळ्यात. मला दिसली होती. तरी ओढलं मी. तुटली तेव्हा घाबरलो, म्हटलं साहेब ओरडतील. समोर एक शेपटी वळवळत होती, ती उचलली. तीच असेल असं धरून चाललो."

मोजणीबाई काही बोलल्या नाहीत. हे मला त्यांचं फार आवडलं. बरोबर ठरल्यावर गप्प बसणारी माणसं मी कपाटातून फार थोडी मोजली आहेत.

सरच पुढे म्हणाले, "म्हणजे ही खरंच अर्धीच आहे. आता पूर्ण सापडल्याशिवाय कोण मानणार? चल, ऊठ. जागा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आणि तिथे फरशा घालतायत, स्कूटर लावायला. परवा येताना रास बघितलीय मी."

जुळवून बघायला हवं म्हणून मोजणीबाईंनी माझी बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत घेतली. अशी मी इतक्या वर्षांनी घरी निघाले. पंपघराजवळ पोचलो आणि मातीतली ती घरघर काचेतून माझ्या अंगाला लागली. पंप बदलला होता, सूर जरा वर चढला होता. पण घरघर तीच. नळाचा सांधा अजून झिरपत होता. तो अजूनही कुणी दुरुस्त केला नव्हता. मी मनातल्या मनात त्या आळशांना दंडवत घातला.

अर्ध्या उतारावर फरशा बसून गेल्या होत्या. उरलेल्या भागाशी गवंडी उभे होते. "साहेब, आज एवढं उरकायचंय. तुम्ही सांगा, काय शोधताय?"

"गोम," सर म्हणाले.

"हात्तिच्या! मारायची का?"

"नाही हो! जिवंत हवी."

त्यांच्यातल्या एकाने थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "वर काय सांगू?"

सरांनी पंपघरातली एक घडीची खुर्ची मागून घेतली, बरोबर उतारावर टाकली आणि बसले. "सांगा, एक म्हातारा बसलाय, उठत नाही."

मोजणीबाई माती काढून चाळणीतून चाळू लागल्या. चाळणी घरची होती, पिठाची. ती घरून न विचारता आणलेली होती, हे थोड्याच वेळात सगळ्यांना कळलं, कारण त्यांच्या सासूबाई रिक्षातून उतरल्या.

"सगळं घर पालथं घातलं मी! आणि इथे माती चाळतेयस त्यात? अगं, बायका हरवलेली कुडी शोधतात, तू गोम शोधतेस?"

"आई, फक्त आजच्या दिवस हो."

"आजच्या दिवस! उद्या यात पीठ चाळून तुझ्या नवऱ्याला वाढू?" एवढं बोलून त्यांनी पदर खोचला आणि चाळणी सुनेच्या हातातून घेतली. "दे इकडे. चाळायची रीत असते. असं हिसके देऊन का कुणी चाळतं! किडा जगेल का त्यात?"

मग त्या चाळू लागल्या आणि मोजणीबाई खणू लागल्या. सर खुर्चीवरून जागा सांगत होते. थोडं डावीकडे. नळापासून हातभर. भिंतीच्या बाजूला. गोमा निघत होत्या, पण त्या शेजारणीच्या घराण्यातल्या. सासूबाई प्रत्येक वेळी विचारायच्या, "ही का?" आणि मोजणीबाई पोट उलटवून बघायच्या, "नाही आई, छिद्रं नाहीत." दुपार झाली. गवंड्यांनी दोनदा घड्याळाकडे बघून खाकरलं. सरांचा आवाज बसत चालला. तरी कुणी 'पुरे' म्हटलं नाही.

शेवटी सर खुर्चीवरून उठले. गुडघे कडकड वाजवत खाली बसले आणि नळाच्या बरोबर खालचं एक ढेकूळ त्यांनी दोन्ही हातांनी हलकेच फोडलं.

आत ती होती. पिवळसर, लांब, वेटोळं घातलेली. वेटोळ्यात अंडी.

मोजणीबाईंचा चिमटा पुढे आला. सर असे ओरडले की माझी बाटली पिशवीत थरारली. "ओढू नकोस! चिमटा ठेव खाली. ओढू नकोस तिला!"

चिमटा खाली ठेवला गेला. सासूबाईंनी न सांगता चाळणी ढेकळाखाली सरकवली, आणि अख्खं ढेकूळ, माती आणि आई आणि अंडी, जसंच्या तसं उचललं गेलं. "आता ही चाळणी घरात आणलीस तर याद राख," त्या म्हणाल्या, पण चाळणी त्यांनी रिक्षात स्वतःच्या मांडीवर धरली आणि वाटेत रिक्षावाल्याला तीन ठिकाणी 'हळू' म्हणून दटावलं.

पुढे काय झालं ते सांगते. ढेकूळ एका डब्यात, ओलसर, झाकून ठेवलं. शनिवार आला आणि गेला. स्वतःची मुदत सरांनी स्वतःच मोडली आणि कुणी आठवण केली तर 'कुठला शनिवार?' असं विचारू लागले. अंड्यांतून पिल्लं निघाली, वाढली आणि आईला सोडून आपापल्या वाटेने डब्यात हिंडू लागली. तेव्हाच आईला उचललं. पिल्लं मोजणीबाईंनी परत उतारावर नेऊन सोडली. नळालगतची चटईभर रुंद पट्टी तिथे अजून उघड्या मातीची आहे. गवंड्यांनी वर खरोखरच सांगितलं होतं, की म्हातारा उठत नाही. आणि वरच्यांना म्हाताऱ्याशी वाद घालण्यापेक्षा फरशा वाचवणं स्वस्त वाटलं.

आईला मात्र बाटलीत यावं लागलं. हे मी झाकून ठेवणार नाही. नवं घर जगाला दाखवायचं तर घरातलं कुणीतरी साक्षीला उभं करावं लागतं, आणि ते कायमचं. त्या दिवशी मोजणीबाईंनी डब्यातल्या पोळ्या मोजल्या नाहीत. खाल्ल्याही नाहीत.

तिचे पाय मोजले. एकोणसत्तर जोड्या. पोटावर पहिल्यापासून शेवटच्या कडीच्या अलीकडेपर्यंत चाळण. शेवटचे पाय जाड, छिद्रांनी भरलेले, शेजारणीच्या शेपटीहून अगदीच निराळे. प्रजाती नवी ठरली. सरांनी लेख दोनदा वाचला आणि आपल्या हाताने त्यात एक परिच्छेद घातला, की पहिल्या नमुन्यात दुसऱ्या प्राण्याची शेपटी गोळा करणाऱ्याच्या चुकीने आली होती. 'गोळा करणाऱ्याच्या' पुढे कंस करून त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा सर उगाचच खाकरले. मोजणीबाईंना अर्थ कळला आणि त्यांनी तो कळला नाही असं दाखवलं. पोटावरच्या छिद्रांवरून त्यांनी प्रजातीला लॅटिनमधलं चाळणीचं नाव दिलं. सासूबाईंना वाटलं ते आपल्या चाळणीवरून ठेवलंय. हल्ली त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला तसंच सांगतात, आणि कुणी त्यांना खरं सांगायला जात नाही. त्यांचंही अगदीच खोटं नाही. जातीचं नाव ठेवलं ते 'धरून राहणारी' अशा अर्थाचं. सर म्हणाले, "हे माझ्यावरून आहे का?" मोजणीबाई म्हणाल्या, "नाही सर. हिच्यावरून." आणि त्यांनी माझी बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

आता मी नव्या कपाटात आहे. नावाची मुख्य मानकरी ती पूर्ण गोम. तिच्या बाटलीवर लाल चिठ्ठी आहे म्हणे. माझ्या चिठ्ठीवर लिहिलंय, 'सोबतीचा नमुना, पुढचा भाग'. 'अनिश्चित' शब्द गेला. शेजारणीच्या शेपटीला तिच्या खऱ्या नावाची वेगळी बाटली मिळाली, आणि आता मला कधीकधी तिच्याशिवाय चुकल्यासारखं होतं. माणसाचा गुण लागला, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र मी रोज मनात घोळवते. तो उतार, तोच नळ, तसंच ढेकूळ, आणि पायांच्या जोड्या माझ्याइतक्याच. ती माझ्या लेकीच्या लेकीची कुणी खापरपणती असेल का? हे मोजणीबाईंना विचारलं तर त्या म्हणतील, बघितलं नाही ते मी लिहिणार नाही. बरोबर आहे. पण एवढं मला ठाऊक आहे, की माझा मागचा भाग तिथे राहिला होता, अंड्यांभोवती वेटोळं करून. आमचे पाय तुटल्यावरही बराच वेळ हलत राहतात. किती वेळ ते मला मोजता आलं नाही. बहुतेक, पुरेसा.

म्हणून मित्रांनो, तुमच्या अंगणात, कुंडीत, रस्त्याकडेला थोडी उघडी माती राहू द्या. ती उकराल तेव्हा हळू उकरा. आणि खाली कुणी काही घट्ट धरून बसलेलं सापडलं, तर ओढू नका. ते काय धरून बसलंय, तेवढं आधी बघा.